नानांच्या खोलीतला पाण्याचा जग

४ जुलै

वहिनी,

नमस्कार. फोनवर आपलं बोलणं हल्ली दर वेळी बिघडतं. तुम्ही नुसतं "हं" म्हणता, मी त्या "हं"चा अर्थ लावत बसते, आणि शेवटी दादा मध्ये पडून फोन काढून घेतो. म्हणून लिहिते आहे. लिहिताना माणूस जरा सांभाळून बोलतो.

नानांचं पत्र काल आलं. दर आठवड्याला चार पानं लिहिणारे नाना, या वेळी दीड पानावर थांबले. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, त्यांचं अक्षर कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. या वेळी ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. डोकं दुखतं म्हणतात, जेवणावर वासना नाही म्हणतात. आणि एक वाक्य आहे, ते तसंच्या तसं उतरवते: "पाण्याचा जग आता माझ्या खोलीत नसतो."

एप्रिलमध्ये ते उन्हात चक्कर येऊन पडले, तेव्हा अंगातलं पाणी कमी झालंय असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. त्यानंतर मी नानांना तक्ता करून दिला. दिवसाला बारा पेले, प्रत्येक पेल्यानंतर एक खूण. नाना तो किती मनापासून भरतात ते तुम्ही रोज बघता.

मग जग खोलीतून का गेला? कोणी नेला? मी संशय घेत नाहीये, विचारते आहे.

दादा फिरतीवर असेल तर त्याला उगाच काळजीत टाकू नका.

तुमची नणंद


८ जुलै

ताई,

पत्र मिळालं. संशय घेत नाही असं मुद्दाम लिहावं लागलं, यातच सगळं आलं. असो.

जग मीच नेला. नाना दिवसातून किती वेळा उठतात ते तुम्हाला तक्त्यावर दिसत नाही, तक्त्यात फक्त आत गेलेलं पाणी आहे. जूनमध्ये एका मंगळवारी बोळातल्या लादीवर त्यांचा पाय घसरला. कोपर सोलवटलं, हाड वाचलं. त्या दिवसापासून संध्याकाळी सहानंतर जग माझ्या मशीनच्या टेबलाखाली असतो. मागितलं तर देते, पण हातात पेला देते, जग देत नाही.

पुढच्या खोलीत माझं रफूचं काम चालू आहे. एका हॉटेलच्या वाढप्यांचे चाळीस कोट आलेत, सगळ्यांची अस्तरं बदलायची आहेत. सुईत जीव घालून बसलेली असले तरी नानांची चप्पल वाजली की मी उठते. हे कोणी तुम्हाला कळवणार नाही म्हणून मीच कळवते.

बाकी, महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. ही लघवी जास्त करवणारी आहे. मीठही कमी करायला सांगितलं. त्यामुळे जेवणाच्या नावाने कुरकुर असते.

एक सांगू का, रागावू नका. मी दहावीपर्यंतच शिकले. पण मला वाटतं, पाणी जास्त झालं की त्यांना मळमळतं. दुपारी तक्ता भरायचा म्हणून चार-पाच पेले लागोपाठ पितात आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. डॉक्टरांना विचारावं का?

तुमची वहिनी


१२ जुलै

वहिनी,

पाण्याने मळमळतं हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे. सतरा वर्षं मी जीवशास्त्र शिकवते.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. साखर, क्षार, प्रथिनं ज्यांची बनतात ते छोटे रेणू, हे सगळं पाण्यातूनच इकडून तिकडे जातं. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन चिकटलेले, एवढासा तो रेणू, पण तो नसेल तर बाकीचे सगळे रेणू म्हणजे नुसती भुकटी. दर वर्षी पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहिते. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती, तोल जाणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत, पुस्तकात छापलेली. त्यात गोळीही लघवीची. पाणी बाहेर जास्त जाणार असेल तर आत जास्त घालायला नको का? बारा पुरायचे नाहीत, सोळा पेले हवेत. नवा तक्ता मी थेट नानांना पाठवला आहे. डॉक्टरांना यासाठी त्रास द्यायची काही गरज नाही.

नाना उठले की तुम्हालाही उठावं लागतं, हातातला कोट बाजूला ठेवावा लागतो, हे मी समजू शकते. पण स्वतःच्या सोयीसाठी म्हाताऱ्या माणसाचं पाणी तोडायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

जमत नसेल तर स्पष्ट सांगा. माझ्या दोन खोल्यांत नाना मावतील.

तुमची नणंद


१६ जुलै

चि. मास्तरीण,

अनेक आशीर्वाद. तू वेगळ्या पाकिटात लिहिलंस त्याप्रमाणे औषधाच्या रिकाम्या बाटलीत घरचं पाणी भरून आज पार्सल केलं. सूनबाईला कळू दिलं नाही. ती कोट शिवत होती. कोटांत माणसं नाहीत, नुसते कोट. चाळीस जण येऊन बसतात आणि एक जण बोलेल तर शपथ.

पाण्याला वास येतो. तू विचारलंस म्हणून नीट वास घेतला, तर येतो. मीठ तिने लपवलं आहे. विचारलं की म्हणते डॉक्टर. सगळ्याला डॉक्टर म्हणते.

तू सोळा लिहिलेस, मी काल वीस केले. न्हाणीतल्या नळाचं पितो, नळ तिला टेबलाखाली ठेवता येत नाही. तुझी शास्त्राची पुस्तकं मी जुळवली तेव्हा एक अक्षर कळत नव्हतं, नुसते खिळे लावायचो. तू ती वाचलीस. म्हणून तू सांगतेस ते मी करतो.

डोकं जड आहे. अक्षरं हलतात. काल क चा खिळा सापडेना, सगळे खण पाहिले. तुझी आई म्हणाली उद्या शोधा. तिला जाऊन आठ वर्षं झाली की येऊन झाली, ते कळव.

तुझा
नाना


१९ जुलै

वहिनी,

नानांचं पत्र आलं. त्यात काय आहे ते मी लिहीत नाही. मला फक्त उत्तरं हवी आहेत.

नानांचं पाणी कुठल्या भांड्यात भरलं जातं आणि कोण भरतं? गोळ्यांची डबी कोणाजवळ असते? एक गोळी द्यायची तिथे दोन जात नाहीत ना? मीठ कमी केलं आहे की साफ बंद? नाना चुकीचं बोलू लागले आहेत हे तुमच्या लक्षात आलं आहे का, आणि आलं असेल तर मला का कळवलं नाही? धडधाकट माणूस महिन्याभरात असा होत नाही. काहीतरी होतं आहे त्या घरात.

जग आजच्या आज नानांच्या खोलीत गेला पाहिजे. एक नाही, दोन. नाही तर मी दादाला सगळं सांगेन, आणि का सांगते तेही सांगेन.

२६ तारखेपासून मी मुलींना घेऊन रानातल्या शिबिराला जाते आहे. तिथे फोन लागत नाही. सहा ऑगस्टला परत आले की पहिलं काम नानांना घेऊन जायचं.

तुमची नणंद


२३ जुलै

ताई,

उशीचा अभ्रा बदलताना पार्सलची पावती सापडली. नानांना विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. मग "तिने मागितलं होतं," म्हणाले. काय मागितलं होतं ते मी पुन्हा विचारलं नाही. औषधाची रिकामी बाटली कुठे गेली आणि पाण्याचं भांडं तुम्ही का विचारलंत, याचा उलगडा झाला.

माझ्या घरचं पाणी तुम्ही तपासायला मागवलंत. बारा वर्षं या घरात मी स्वयंपाक करते. सासूबाई गेल्या तेव्हा शेवटचा घोट त्यांनी माझ्या हातून घेतला, तुम्ही तिथेच उभ्या होतात. तुमच्या परीक्षेत काय निघालं ते कळवा. मलाही उत्सुकता आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पाणी गाळून स्टीलच्या पिंपात, मी भरते. गोळ्या माझ्याजवळ, सकाळी एक, दोन नाही. मीठ कमी आहे, बंद नाही. नाना चुकीचं बोलतात हे माझ्या लक्षात आलंय, वयाने असेल असं वाटलं. आणि तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला आधीच ठाऊक होतं.

मीही तुम्हाला ओळखते. तुम्हाला नाना नको आहेत, मी वाईट ठरायला हवी आहे. ही सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत. उद्या दादांसमोर बसायची वेळ आली तर माझ्याजवळही काहीतरी असावं.

दोन जग काठोकाठ भरून नानांच्या उशाशी ठेवले आहेत. तुमच्या मनासारखं होईल.

वहिनी


२ ऑगस्ट
दवाखाना, दुसरा मजला

ताई,

शाळेत फोन केला होता. तुम्ही शिबिराहून आल्याशिवाय निरोप पोचणार नाही असं कळलं, म्हणून हे पत्र तिथे तुमची वाट बघेल. आधी हे वाचा: नाना जिवंत आहेत आणि धोका टळला असं काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता बाकीचं.

गुरुवारी सकाळी नऊला मी अस्तर कापत होते. नानांच्या खोलीतून पेला पडल्याचा आवाज आला. गेले तर नाना पलंगाच्या बाजूला खाली, अंग ताठ, हातापायांना झटके, डोळे वर गेलेले. लादी ओली, तक्ता मुठीत. दोन-तीन मिनिटं तसं चाललं असेल, मला फार वाटलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. तुमचे दादा कामावरून परस्पर इथे आले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, मोजकं बोलतात. तासाभरात रक्ताचा कागद घेऊन आल्या.

"यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, एकशे अकरा आहे. एकशे पस्तीसच्या वर हवं. पाणी किती पितात?"

"भरपूर पितात," मी म्हटलं. "चांगलंच ना ते?"

"भरपूर म्हणजे किती?"

मी तक्ता पुढे केला. त्यांनी खुणा मोजल्या. बुधवारी चोवीस, मंगळवारी बावीस. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतःही बसल्या.

"जेवणातलं मीठ कमी," त्या म्हणाल्या, "गोळीने उरलेलं मीठ लघवीवाटे जातंय, आणि वरून एवढं साधं पाणी. या वयात ते बाहेर टाकायला अंगाला जमत नाही. रक्त पातळ होतं. मग पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. हाताच्या फुगल्या तर फुगल्या. मेंदूच्या भोवती कवटी आहे, त्याला फुगायला जागाच नाही."

"डोकं दुखायचं, मळमळायचं, भास व्हायचे, ते सगळं?"

"त्यानेच."

"पाणी कमी पडलं तरी असंच होतं म्हणतात."

"होतं ना. म्हणून तर रक्त तपासायचं असतं, अंदाजाने पाणी वाढवायचं नसतं. कोणी सांगितलं यांना एवढं प्यायला?"

तुमचे दादा शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "आम्ही घरच्यांनीच."

तुमच्यासाठी म्हटलं असं समजू नका. त्यातलं अर्धं खरं होतं. तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून दोन्ही जग मी स्वतः भरत होते. रिकामा झाला की लगेच. नाना म्हणायचे, "बस झालं सूनबाई, जात नाही." मी म्हणायचे, "ताईंनी सांगितलंय, प्या." शेवटचे दोन दिवस ते मला नावाने हाक मारत नव्हते, मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. तरी मी भरत होते. आधी जग लपवला तो काळजीने, नंतर भरला तो रागाने. डॉक्टरांकडे जायला तुम्हीच नको म्हणालात, असं सांगायची मला सोय आहे. पण तुमचं म्हणणं मी एरवी कधी ऐकलं होतं, की हेच ऐकावं? मला तुमचं चुकलेलं बघायचं होतं. ते बघायला मिळालं, आणि ते असं होतं.

मीठ शिरेतून हळूहळू चढवताहेत. एकदम वाढवलं तर मेंदूला त्याचीच इजा होते म्हणे. आज एकशे चोवीस आहे. सकाळी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि कोट झाले का म्हणून विचारलं.

वहिनी


७ ऑगस्ट

वहिनी,

काल शिबिरावरून आले तर शिपायाने निरोपाची चिठ्ठी आणि तुमची दोन्ही पत्रं एकदम हातात दिली. मी आधी नंतरचं वाचलं.

दादाला लगेच फोन केला. म्हटलं, तक्ता माझा होता, सोळा मी लिहिले होते, डॉक्टरांना विचारू नका हेही मीच लिहिलं होतं. तो म्हणाला, "ती तर घरच्यांनीच सांगितलं म्हणाली." मी म्हटलं, ती असं का म्हणाली ते तिलाच विचार. फोन त्याने ठेवला.

तुम्हाला एक सांगायचं आहे. ते लिहिलं नाही तर बाकी काही लिहिण्यात अर्थ नाही. ती बाटली मी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासली, मुली गेल्यावर, दाराला आतून कडी घालून. लिटमस लावून बघितलं, रसायनं घालून बघितलं, आटवून खाली काय उरतं ते बघितलं. पाणी स्वच्छ होतं. त्या वेळी मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, वहिनी. माझी निराशा झाली. आणि ते स्वच्छ निघालं हे तुम्हाला कळवायच्याऐवजी मी गोळ्यांबद्दल विचारलं.

दर वर्षी मी मुलींसमोर बेदाणा पाण्यात टाकते. थोड्या वेळाने तो टरारून फुगतो. पाणी कुठून कुठे गेलं ते त्यांना विचारते, आणि त्यांनी सांगितलं नाही तर मी सांगते: क्षार-साखर जिथे कमी तिथून, जिथे जास्त तिकडे. मला हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तेच नानांच्या डोक्यात होत होतं आणि मी तुमच्याकडे बघत होते.

तुम्ही तेव्हाच लिहिलं होतं, पाणी जास्त झालं की मळमळतं. तुम्ही बघून लिहिलं होतं. मी पुस्तकातून उत्तर दिलं.

शनिवारी येते आहे. घरी उतरू का दवाखान्यातच थांबू, ते तुम्ही सांगाल तसं.

तुमची नणंद


२१ ऑगस्ट

ताई,

तुम्ही येऊन गेलात. घरी उतरलात ते बरं झालं, भांडी घासताना दोघींनाही बोलायला लागलं नाही.

नाना सोमवारी घरी आले. सोडियम एकशे चौतीस. ती गोळी बंद करून दुसरी दिलीय, मीठ बेताचं चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पाणी सध्या दिवसाला सहा पेले, त्याच्या वर नाही. चालताना थोडा तोल जातो, तो महिन्याभरात सुधारेल म्हणतात. जुलैचे दिवस त्यांना आठवत नाहीत. मला काय काय बोलले तेही नाही. मला आठवतं.

आता मुद्द्याचं. नाना पाणी चोरून पिताहेत.

काल कपड्यांवर शिंपडायची बाटली इस्त्रीजवळ रिकामी दिसली. सकाळीच भरली होती. नानांच्या सदऱ्याची कॉलर ओली. मी विचारलं तर आधी नाही म्हणाले, मग चिडले. "तू आणि ती डॉक्टरीण मिळून मला तहानेने मारणार आहात. माझी मुलगी शास्त्र शिकवते. तिने सोळा सांगितले होते."

मी म्हटलं, "नाना, ताईंनीच तर तुम्हाला परवा सांगितलं, सहा पेलेच प्यायचे."

तर म्हणाले, "ती म्हणाली, डॉक्टर सहा म्हणतात. ती स्वतः सहा म्हणाली नाही. मी कान देऊन ऐकत होतो. तुमच्यासमोर तिला बोलता येत नव्हतं बिचारीला."

ताई, मी त्या वेळी खोलीतच होते. तुम्ही त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून बोललात, सगळं बोललात, डॉक्टरांचं नाव चार वेळा घेतलंत. मी चुकले, एवढं मात्र बोलला नाहीत. मला ते त्याच वेळी कळलं, पण म्हटलं, माझ्याजवळ कबूल केलंय, दादांजवळ केलंय, आता म्हाताऱ्या माणसासमोर राहू दे. ते राहू देऊन चालणार नाही. माझ्यावर त्यांचा भरवसा नाही आणि डॉक्टरीणबाई त्यांना पोरगेल्या वाटतात. तुमच्यावर आहे, आणि त्याच भरवशावर ते बाटल्या रिकाम्या करताहेत. एखादा दिवस माझं लक्ष नसेल.

तुम्ही त्यांना लिहा. अक्षर तुमचं हवं, फोन नको.

वहिनी


२५ ऑगस्ट

ती. नाना,

साष्टांग नमस्कार. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

नाना, मी चुकले. डॉक्टरीणबाईंचं चुकलं नाही, वहिनींचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. दिवसाला सोळा पेले प्या हे मी सांगितलं होतं आणि ते चूक होतं. त्यानेच तुम्ही आजारी पडलात. कोणी माझ्याकडून हे लिहवून घेतलेलं नाही, मी खोलीत एकटी आहे.

शाळेत मी शिकवते की पाण्याशिवाय काही जगत नाही. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुमच्या रक्तात पाण्याबरोबर मीठ असतं, अगदी ठरलेल्या प्रमाणात. मीठ आहे म्हणून पाणी जिथल्या तिथे राहतं. मिठाचे कण कमी झाले की पाणी जिथे जायचं नाही तिथे शिरतं. तुमच्या मेंदूत शिरलं होतं. अक्षरं हलत होती ना, ती म्हणून. आई दिसत होती, तीही म्हणूनच. मला ते पत्र वाचून कळायला हवं होतं. मला वाटलं, वहिनी तुम्हाला काहीतरी घालतात. नाना, मी तुमच्याकडून बाटली मागवली ती त्यासाठी. त्यात काही निघालं नाही. पाणी स्वच्छ होतं. त्यांनी तुम्हाला कधी काही घातलं नाही. जग त्यांनी उचलला तो तुम्ही पडलात म्हणून.

तुम्ही एकदा लिहिलं होतं, मी सांगते म्हणून तुम्ही करता. तर आता हे करा. सहा पेले. तहान लागली तर वहिनींना सांगा, लपून पिऊ नका. त्या नाही म्हणाल्या तर ते माझंच नाही समजा.

दवाखान्यात मी तुमच्यासमोर हे बोलले नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मला धीर झाला नाही.

तुमची
मास्तरीण


३० ऑगस्ट

ताई,

पत्र परवा आलं. पाकीट नानांनी स्वतः फोडलं. चष्मा लावून बसले, पण अक्षर अजून ठरत नाही म्हणाले आणि कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचलं. माझ्याबद्दलचं आलं तिथे जरा अडखळले, पण गाळलं नाही.

वाचून झाल्यावर म्हणाले, "ती चुकल्याची ओळ परत वाच."

परत वाचली.

"तिनेच लिहिलंय?"

मी कागद त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. त्यांनी बोट फिरवत "मी चुकले" एवढं शोधून काढलं. खिळे जुळवणाऱ्याची नजर, एकेक अक्षर तपासलं.

मग म्हणाले, "लहानपणी गणित चुकलं की पान फाडायची. शाळेत वह्या पुरायच्या नाहीत." आणि थोड्या वेळाने, "सूनबाई, मी तुला काही वेडंवाकडं बोललो का गं त्या दिवसांत?"

मी म्हटलं, "बोललात."

"काय?"

"ते आता जाऊ दे."

त्यांनी मान हलवली. पाणी मागितलं, मी पेला दिला. अर्धा प्याले आणि उरलेला मला परत दिला. कालचा आणि आजचा दिवस सहा पेल्यांत निभावला. इस्त्रीची बाटली मी मुद्दाम उघड्यावर ठेवून पाहिली, भरलेली तशीच आहे. असं पाहणं बरं नाही हे कळतं, पण सवय इतक्यात जायची नाही.

झोपायच्या आधी मला म्हणाले, "तिला कळव, काही हरकत नाही म्हणावं. माझा हात कापतो, तूच लिही."

म्हणून लिहिते आहे. काही हरकत नाही, असं नाना म्हणतात.

मी अजून म्हणत नाही. तुमच्याबद्दलही नाही आणि माझ्याबद्दलही नाही. म्हणावंसं वाटेल तेव्हा आपणहून कळवीन, विचारू नका. दिवाणखान्यातला पलंग रिकामाच असतो. सुट्टी लागली की या.

तुमची वहिनी